एसीत अडकलेला झेंडू

नाना, तुमचा तो पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर आज पुन्हा बाहेर काढला. गाडीचा एसी बिघडलाय. तुमच्या टेम्पोला एसीच नव्हता, त्यामुळे तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, काच खाली करा. पण मे महिना आहे, आईला नामपूरला न्यायचंय आणि मागच्या वेळी सटाण्याच्या अलीकडे उन्हानं तिला भोवळ आली होती. उन्हातला प्रवास नको, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलंय. म्हणजे गाडी गार होत नाही तोवर आई घरातून हलत नाही. दुपारपासून मी खाली पार्किंगमध्ये आहे आणि माझं चित्त थाऱ्यावर नाही. एक काम हातात धरते, ते टाकून दुसरं उचलते.

कारण नुसतं भेटून यायचं नाहीये. खुब्याचं हाड मोडल्यापासून नामपूरची मावशी अंथरुणाला खिळलीय. रोज फोन करते, "अक्का, मी आते एकलीच शे." ती एकटी पडलीय हे ऐकून आई डोळे पुसते आणि बॅगेत आणखी एक लुगडं घालते. परवा मला म्हणाली, "मी आता तिच्यापाशीच राहीन. दोघी म्हाताऱ्या एकमेकींना बघू. तुला काय, तुझी नोकरी हाय." मळा काकांच्या हवाली करून आपण तिघं नाशिक रोडच्या या दोन खोल्यांत आलो. मग तुम्ही गेलात, आम्ही दोघी उरलो. आता तीही निघाली तर माझं काय, हे मला कोणी विचारत नाही. मला राग आलाय, नाना. कोणाचा, तेही धड कळत नाही.

गॅरेजवाला फोनवर म्हणाला, "ताई, लग्नसराई हाय, गाड्यांची रांग लागलीये. गॅस भरायला लागंल, पुढच्या आठवड्यात बघू." गॅसला घरी हात लावू नये एवढं मला कळतं. पण बॉनेट उघडून पाहिलं तर कॉम्प्रेसर खट्ट करून सुरू होतोय, एसीच्या पाइपला घाम सुटलाय आणि हात लावला तर तो चांगला गार लागतोय. मग हा गारवा जातो कुठे? आत बसून पंखा चारवर ठेवला तर तो नुसता घरघरतो, आणि समोरच्या जाळीतून आजारी माणसानं टाकावा तसा एक सुस्कारा येतो. म्हणजे गारवा तयार होतोय, पण वारा त्याला आत आणत नाहीये.

तेव्हा मला तुमचं गोणपाट आठवलं. अंधार असतानाच तुम्ही झेंडूचे क्रेट टेम्पोत रचताय, वरून ओलं गोणपाट टाकताय आणि त्याच्याखाली हात घालून बघताय. हात नेहमी उलटा. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "तळहात राबून बधिर झालाय, त्याला काय कळतंय? पाठीला इचारावं." फुलं गारव्यात आणि तुम्ही स्वतः इंजिनाच्या उष्म्यात, असे बाजारापर्यंत जायचात. आज मीसुद्धा त्या जाळीपुढे उलटा हात धरला. वारा नव्हताच.

मग मोबाइलवर बघून डाव्या बाजूचा कप्पा सोडवला. निघालेला एकेक स्क्रू ओळीनं मांडून ठेवला. टेम्पोचा रेडिओ मी उघडून ठेवला होता ती दुपार आठवतेय ना? तुम्ही मारलं नाहीत. "उघडायला काय, कोणी बी उघडतंय. बसवून दाखव," एवढंच म्हणालात आणि दारात बसून राहिलात. मी रडत रडत स्क्रू लावत होते. आईनं दोनदा जेवायला बोलावलं, तरी तुम्ही उठला नाहीत आणि मलाही उठू दिलं नाहीत. रेडिओ पुन्हा लागला, थोडा खरखरत. दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना तुम्ही हा स्क्रूड्रायव्हर आणलात.

कप्प्यामागचं झाकण काढून हवेचा फिल्टर बाहेर ओढला, आणि मांडीवर झेंडू सांडला. तपकिरी झालेल्या, कागदासारख्या पाकळ्यांचा थरच्या थर, मधे धूळ आणि लिंबाची पानं. दसऱ्याला तुमचं हारावर कधी भागायचं नाही. टेम्पोला जिथे फट दिसेल तिथे तुम्ही फूल खोचायचात. आई तेच करते. लोक विकतची मोजकी फुलं हारात ओवतात, पण ती पडली झेंडूवाल्याची बायको. पुढच्या काचेच्या पायथ्याशी काळी जाळी असते ना, तिथे ती ओंजळीनं सुटी फुलं ओतते आणि म्हणते, "तुझ्या नानांचा नेम हाय, मोडायचा नाय." आणि गाडी नेमकी तिथूनच हवा आत ओढते! मी एकटीच मोठ्यानं हसले. मग त्याच पाकळ्या मुठीत धरून रडले.

फिल्टर झटकला, ब्रशनं साफ केला, फिल्टरच्या खाचेत हात घालून उरलेल्या पाकळ्या वेचल्या. सगळं परत बसवलं, एकही स्क्रू उरला नाही. एसी लावला आणि गार वारा असा तोंडावर आला की डोळे मिटले. तुम्हाला दाखवावंसं वाटलं. तेवढ्यात जिन्यावर आईच्या चपला वाजल्या, आणि मी एसी बंद केला. गाडीच बंद केली. का, ते तुम्हाला सांगायला नको.

आई शेजारी येऊन बसली. "झाला का गं?" मी म्हणाले, "बघतेय अजून." तिनं समोरच्या जाळीवर हात ठेवला, उलटा. जाळी अजून गार होती. बराच वेळ हात तसाच होता. मग म्हणाली, "गार हाय की." माझ्याकडे बघितलं नाही. "सकाळी निघू मग, ऊन चढायच्या आत." मी म्हणाले, "निघू."

ती वर गेलीय. मी अजून गाडीतच बसून हे लिहितेय. जाऊ नकोस, एवढंच तिला म्हणायचंय, पण तिकडे मावशी वाट बघतेय आणि माझ्या तोंडून ते निघणार नाही. आता पंखा एकवर ठेवला तरी गाडी गार होते, जरासुद्धा आवाज न करता. तरी उद्या मी तो चारवरच ठेवणार आहे, नाना. तेवढ्या आवाजात नामपूरपर्यंत काही बोलावं लागणार नाही.