तुमच्या बंधूंच्या होडीचा नवस

टेबर्सव्हिल, मिसुरी
एप्रिल, सोमवार सकाळ (कपडे भिजत घातले आहेत, तेवढ्यात)

तीर्थस्वरूप युला वन्संना,
वेल्माचा प्रभूच्या नावात सलाम.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मागे लिहिलेला एरंडेलाचा शेक घेतलात, की टुल्साच्या डॉक्टरांनी हसण्यावारी नेला? पेअरच्या मुरंब्याच्या तिन्ही बरण्या शाबूत पोचल्या. एक तुमच्या बंधूंनी उभ्या उभ्या चमच्याने संपवली. उरलेल्या दोन मी कपड्यांच्या साबणामागे ठेवल्या आहेत, तिथे त्यांचा हात या जन्मी जायचा नाही. इकडे सगळं खुशाल आहे, म्हणजे मी खुशाल आहे, आणि तुमचे बंधू आहेत. तुम्ही या, असा आग्रह मी करत नाही. ज्या पाण्याने आपलं घर गिळलं त्याचं तोंड बघणार नाही, असं तुम्ही धरण भरलं त्या वर्षी म्हणालात आणि आजवर पाळलंत. दिलेला शब्द पाळणारं माणूस मला आवडतं. तुमच्या घराण्यात तशी एकच व्यक्ती निघाली याचं वाईट वाटतं, आणि दुसरीबद्दलच लिहायला बसले आहे.

झालं असं, की मार्चमधल्या बुधवारच्या प्रार्थनासभेत साक्ष देण्याची वेळ आली. हेझलकाकूंनी मूतखडा पडल्याबद्दल देवाचे आभार मानले (आकारासकट सांगितला), आणि मग तुमचे बंधू उठले. मला वाटलं, आता हे माझे आभार मानतील. बायका किती भोळ्या असतात बघा. टोपी हातात चुरगाळत ते म्हणाले, की तीन वसंत झाले, या धरणाने मला सांगण्यासारखा एक मासा दिला नाही. आता डॉगवुडची फुलं गळायच्या आत पाच पौंडांचा बास मासा लागला नाही, तर मी होडी विकून टाकीन. मी एकटीने ‘आमेन’ म्हटलं, ते म्हणे बाहेर गाड्यांपर्यंत ऐकू गेलं. पाळकसाहेब टिल्मन समजुतीने म्हणाले, “हॉइटभाऊ, देवाशी असा सौदा करू नये.” त्यावर मागच्या बाकावरून त्यांचा मासेमारीतला जोडीदार लॉयड प्रुइट म्हणाला, “करू द्या हो पाळकसाहेब, होडी मी घेतो!”

होडी तुम्ही पाहिलेली नाही, ते बरंच आहे. लाल रंगाची, वर चमचम टिकल्या, शाळेच्या बँडपुढे काठ्या फिरवत जाणाऱ्या पोरींच्या झग्यासारखी. ती गॅरेजमध्ये झोपते आणि आमची गाडी बाहेर गारा खाते. हिशेबाच्या वहीत तिचा खर्च कोणत्या सदरात टाकावा हे मला अजून उमगलेलं नाही. ‘करमणूक’ म्हणावं तर त्यांचा चेहरा कायम दुखवट्याचा, आणि ‘अन्न’ म्हणावं तर आजवर त्या होडीतून माझ्या तव्यावर काही आलं नाही. कारण हे लोक मासा पकडतात, तोलतात, त्याच्या तोंडापाशी तोंड नेऊन फोटो काढतात, आणि परत पाण्यात सोडतात! मग घरी येऊन विचारतात, जेवायला काय आहे. मी डब्यातला ट्यूना वाढते. एकदा याबद्दल बोलले तर म्हणाले, “अगं, प्रेषितसुद्धा मासेमारच होते.” मी म्हटलं, हो, पण त्यांनी जाळी टाकली आणि प्रभूच्या मागे गेले. तुम्ही रविवारच्या उपासनेतून उठून जाळ्याच्या मागे जाता.

तर मी फुलं गळण्याची वाट पाहू लागले. अंगणातला डॉगवुड यंदा असा बहरला, की परटाने दुलया वाळत घातल्यात असं वाटावं. मी झाड हलवलं नाही, वन्सं, हे मी शपथेवर सांगेन. त्याच्याखालचं झाडताना झाडूचा दांडा बुंध्याला लागत असेल तर तो झाडणाऱ्याचा दोष नाही. आणि अंगण स्वच्छ ठेवावं म्हणून मी दिवसातून दोनदा झाडत होते, इतकंच.

आणि फुलं गळतीलच अशी माझी खात्री होती, कारण हे धरण. इतर ठिकाणची धरणं माणसांसाठी असतात, आमचं माणसाची खोड मोडण्यासाठी आहे. पाणी एक तर आरशासारखं नितळ, म्हणजे मासा तुम्हाला आधी बघतो, किंवा चहासारखं गढूळ, म्हणजे कोणीच कोणाला बघत नाही. खाली बुडालेली देवदाराची झाडं उभी आहेत, त्यांच्यावर गावातल्या पुरुषांची आमिषं नाताळच्या झाडासारखी लटकलेली असतील. त्यात धरणवाले आज पाणी सोडतात, उद्या अडवतात. काल जिथे तुमच्या बंधूंनी गळ टाकला तिथे आज प्रुइटची गाय उभी असते. मासेही शिकलेले. आमच्या हायस्कुलात तुमच्या बंधूंचे जितके धडे झाले नसतील तितके त्या माशांचे झालेत.

दहा दिवसांपूर्वी लॉयडची कंबर धरली (बॅटरी उचलताना, बायकोने सांगितलेलं पिंप मात्र वर्षभर उचलत नव्हता), आणि होडी पाण्यात उतरवायला दुसरं माणूस हवं म्हणून मला नेण्यात आलं. मी विणकाम, पवित्र शास्त्र आणि जेवणाची पिशवी घेऊन बसले. होड्या उतरवायच्या उतारावर आठ-दहा पुरुष कॉफीचे कप धरून उभे होते, ते दुसऱ्याच्या चुका बघण्यासाठीच पहाटे उठतात. तुमच्या बंधूंनी ऐटीत होडी पाण्यात सोडली आणि गाडी लावायला गेले. मी बघते तर माझे मोजे ओले. होडीच्या मागच्या भोकाला बूच असतं, वन्सं, पाणी काढायचं, ते नव्हतंच! आता ते बूच कुठे होतं, हे मला त्याच क्षणी आठवलं. धुण्याच्या विजारीत सापडलं होतं, आणि स्वयंपाकघरातल्या मोरीचं जुनं बूच झिजलेलं, म्हणून मी तिथे लावून टाकलं होतं. (अगदी बेताचं बसतं. नवं आणायला नको.) काठावरचे सगळे एका सुरात ओरडत होते, “हॉइट! बूच!” आणि तुमचे बंधू खिसे चाचपत गाडीभोवती धावत होते. मी जेवणाच्या पिशवीतलं एक गाजर काढलं, सुरीने दोन बाजूंनी तासलं आणि भोकात ठोकून बसवलं. दिवसभर एक थेंब आला नाही. काठावर टाळ्या पडल्या. तुमच्या बंधूंनी काठ दिसेनासा होईपर्यंत माझ्याकडे पाठ करून होडी हाकली.

वरच्या खाडीत पाणी त्या दिवशी उतरलेलं आणि इतकं नितळ, की तळाची वाळू मोजावी. तिथे एक मोठी चौकोनी दगडी लादी दिसली, एक कोपरा तुटलेला, शेजारी चिखलाचे बूट घासायची लोखंडी पट्टी उभी. आणि त्या लादीवर, अगदी मधोमध, एक बास. सहा पौंडांची मादी, तुमचे बंधू कुजबुजले, आणि त्यांचा आवाज चर्चमध्ये कधी झाला नाही इतका भक्तिभावाने भरला. वसंतात या माशांच्या माद्या टणक जागा बघून अंडी घालतात. मग मादी निघून जाते आणि नर पिल्लं पोहायला लागेपर्यंत तिथे पहारा देतो, उपाशीपोटी, एक दिवस घर न सोडता. हे सगळं शास्त्र तुमच्या बंधूंना तोंडपाठ आहे. त्यातून काही शिकायचंही असतं, एवढंच कोणी सांगितलेलं नाही.

त्यांनी तिच्यापुढे काय काय नाचवलं म्हणून सांगू! रबरी गांडूळ, रबरी खेकडा, घुंगरांचं काहीतरी. ती ढिम्म. आमच्याकडे तिने एकदा डोळा वर करून पाहिलं, आणि वन्सं, मृतांबद्दल वाईट बोलू नये, पण सासूबाई माझ्या पहिल्या पावाकडे ज्या नजरेने बघायच्या तीच ती नजर. “वेल्मा, टोपीची सावली पडतेय.” “वेल्मा, सुया वाजतायत.” “वेल्मा, श्वास जरा हळू.” शेवटी मी म्हटलं, मी उतरून चालत घरी जाऊ का?

दुपारी ते थकून सँडविच खायला बसले आणि मी बघत राहिले. बघता बघता मला कळलं. हे दिवसभर तिला जेवायला बोलावत होते! आणि ती बाई भुकेली नव्हतीच, तिचं अंगण झाडून झालं होतं. पायरी लख्ख केल्यावर कुणी वर कचरा टाकला, तर बाई काय करते? खात नाही. उचलून बाहेर फेकते. मी आमिषांच्या खोक्यातला सर्वांत ओंगळ, जांभळ्या रंगाचा रबरी सरडा निवडला, गळाला लावला, लादीच्या बरोबर मध्ये सोडला आणि हलवलाच नाही. पडू दिला, तुमचे बंधू मोजे टाकतात तसा. तिने बघितलं. फिरून आली. पुन्हा बघितलं. मग तोंडात धरून निघाली टाकायला, आणि मी गळाची दांडी उचलली.

पुढचं मला नीट आठवत नाही. दांडी वाकली, माझी टोपी गेली, विणकाम गेलं, तुमचे बंधू सँडविच तोंडात धरूनच “सैल सोड! सैल सोड!” ओरडत होते आणि मी “मी नाही सोडायची!” म्हणत होते. ती एकदा पाण्याबाहेर आली, ही एवढी. आणि सरळ खाली जाऊन त्या लोखंडी पट्टीला वळसा घालून दोरी तोडून गेली. माझ्या तोंडून एक शब्द गेला. तो शास्त्रात आहे, पण त्या सुरात नाही. तुमच्या बंधूंनी टोपी काढून छातीशी धरली. घरी येताना दोघंही गप्प होतो, एवढ्या वर्षांत प्रथमच एकाच कारणाने.

त्याच रात्री पाऊस लागला. धरणवाल्यांनी पाणी अडवलं, ते पुरुषभर चढलं आणि चहासारखं झालं. खूण म्हणून मी काठावरचं पडकं कुंपण लक्षात ठेवलं होतं, तेही बुडालं. तुमचे बंधू रोज कामावरून परस्पर धरणावर जातात, अंधार पडल्यावर येतात आणि ट्यूना खातात. खाडी सापडते, लादी सापडत नाही. आमच्या अंगणातली फुलं आता उतरणीला लागली आहेत. म्हणजे नवसाप्रमाणे होडी जाणार, गॅरेजमध्ये गाडी येणार आणि मी शनिवारी शांतपणे खिडक्या पुसणार. लॉयड दोनदा टेप घेऊन होडी मापून गेला. प्रभू भल्यासाठीच करतो.

मुलांना आशीर्वाद, तुमच्या गुडघ्याला आराम. कपडे पिळायची वेळ झाली.

तुमची आज्ञाधारक भावजय,
वेल्मा

ता.क. मुरंब्यात आलं होतं का? साबणामागे जाऊन चाखून पाहिला. होतं असं वाटतं.

ता.क. तुम्ही वाचतानाच ओळखलं असेल. आमच्या घरातल्या बोळकांडीत जो फोटो टांगलाय, त्यात सासूबाई कमरेवर हात ठेवून ज्या पायरीवर उभ्या आहेत, तिचाही कोपरा तुटलेला आहे, शेजारी तीच पट्टी आहे, आणि तुम्ही वेणी घालत बसल्या आहात. तुमचे बंधू तेव्हा तोंडात मूठ घालून तुमच्या मांडीवर होते. त्यांना काही आठवत नाही. त्या दिवशी ते जन्मल्या घराच्या उंबऱ्यावर दिवसभर तरंगले, आणि त्यांना दिसला मासा! मी अजून सांगितलेलं नाही. माझ्या तोंडून ऐकलं तर म्हणतील, बाईमाणसाला काय कळतं पाण्याखालचं. तुम्ही सांगितलंत तर टोपी काढतील.

ता.क. पायरीवर बसलं की समोर कोणती टेकडी यायची? ऊन आधी कुठून यायचं? झऱ्यावर बांधलेली खोली कोणत्या हाताला होती? पत्राने कळवू नका, पत्राला उशीर लागतो. शुक्रवारची बस धरा. शनिवारी होडीत मध्ये बसा आणि फक्त बोट दाखवा. पाण्याचं तोंड बघायची गरज नाही, तुम्ही टेकडीकडे बघा. तुमच्या शब्दाला धक्का लागत नाही, मी नीट विचार केला आहे. माद्या अंडी घालून निघून जातात म्हणे, पण ही बाई तिथेच असणार. स्वतःची पायरी कोण आपणहून सोडतं? तुम्ही तरी कुठे सोडली होतीत.

ता.क. होडी विकायचीच आहे. त्यात बदल नाही. पण माझा सरडा आधी परत मिळाला पाहिजे, तो तिच्या जबड्यात आहे.

ता.क. काल रात्री वारा सुटला. वरच्या डहाळीवर पाच फुलं राहिली आहेत. मी शिडी लावून ती शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्याने बांधून ठेवली आहेत. हे पाप आहे की नाही ते पाळकसाहेबांना विचारणारच आहे, पण रविवारी. तुम्ही शुक्रवारी या.