हवेचा डबा आणि वाटूरचा चढ

१० फेब्रुवारी १९७४, रविवार
वडील, म्हणजे नाना, जाऊन तीन महिने झाले. त्यांची १९३८ची मोटार आता वाटूरचा चढ टॉप गिअरमध्ये चढत नाही. नाना चालवायचे तेव्हा चढायची. धाकटा भाऊ काकासाहेब म्हणतो, पेट्रोल महागलं, मोटारही थकली, विकून टाकू. दुःखात असे निर्णय घेऊ नयेत. मी शांत आहे, म्हणून तपास मीच करणार.
बॉनेट उघडलं. कार्ब्युरेटरवर काळा डबा आहे. इंजिन हवा ओढतं, तो आवाज दाबण्यासाठी. आवाज दाबला की श्वासही दबणारच. डबा कोणी बसवला, असं मेकॅनिक रखमाजीला विचारलं. म्हणाला, पहिल्यापासूनच हाय. सांगताना काकासाहेबाकडे का पाहिलं?

१३ फेब्रुवारी, सायंकाळी
डबा काढून टेस्ट. प्रचंड गर्जना. ताकद वाढल्याचं स्पष्ट जाणवलं. अर्ध्या चढावर सेकंड गिअर टाकावा लागला, पण तो जोरात पडला. फाट्यावरच्या हॉटेलात एकाने विचारलं, मास्तर, आभाळातलं इमान कुठं उतरवलं? दुर्लक्ष केलं. पेट्रोलमध्ये रॉकेल असावं.

१७ फेब्रुवारी
दुसऱ्या पंपाचं पेट्रोल. डब्याशिवाय. पुन्हा सेकंड.
परतताना काकासाहेब आणि रखमाजी चहा पिताना दिसले. मी जवळ येताच गप्प. कारण विचारलं. काकासाहेब म्हणाला, भाऊ, तुमची मोटार कोसभरावरून ऐकू येऊन राह्यली, मंग आमचं बोलणं आम्हालाच ऐकू येईना. उत्तर तयारच होतं. काय ते समजलो.

२० फेब्रुवारी
परतूरचे बद्रीनाथ शेठ रविवारी मोटार पाहायला येणार. येऊ देत. मोटार थकली म्हणून विकायची आहे. ती ठणठणीत निघाली की विकायचं कारणच उरत नाही. हे काकासाहेबाच्या लक्षात आलेलं नाही.

२४ फेब्रुवारी, रविवार
सर्वांसमोर टेस्ट. मागे आई आणि शेठ, शेजारी काकासाहेब. आवाजाने आईचं डोकं दुखतं, म्हणून डबा परत बसवला. पुन्हा सेकंड. आई म्हणाली, आरं, डब्याला काहून बोल लावतूस, चढ दिसला की तूच पाय उचलतूस, नाना तिथं दाबायचे.
मी पाय उचलत नाही. उचलला असेल तर सावधगिरी म्हणून.
मग काकासाहेब चालवायला बसला. एरवी ट्रॅक्टर हाकतो. डब्यासकट, चौघांसकट, टॉपमध्ये वर. आईने डोळ्यांना पदर लावला. मी जाहीर केलं, मोटार ठणठणीत आहे. शेठ म्हणाले, मास्तर, मला जरा शंका होती, तुमच्यामुळं फिटली, आता बिलकुल घेतो.

२५ फेब्रुवारी
निकाल लिहून ठेवतो. डब्याने ताकद कमी होत नाही. आवाज मात्र खरोखर कमी होतो. सकाळी शेठ मोटार घेऊन गेले. आतल्या खोलीत आईला कळलंसुद्धा नाही.