जिन्याखालचे मीटर

मंगळवार, विरार

इमारतीला परवानगी आहे का, हे आता मोबाइलवर कळतं. नगररचना खात्याची ही सोय खरंच चांगली. तशी बातमीही आज माझ्या पेपरला वेळेत दिली.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या सुलभावहिनी आल्या. "भाऊ, आपली बिल्डिंग बघा ना. फ्लॅट विकायचाय, गिऱ्हाईक येतंय."

पाहिलं. परवानगीच नाही.

"काहीतरीच! लाइटचा मीटर आहे की आमच्या नावावर. परवानगीशिवाय कोण मीटर देईल? मोबाइल बदला तुमचा!" हसत गेल्या.

घर घेताना मी तरी दुसरं काय पाहिलं होतं? मीटरच ना?

दूध आणायला उतरलो. जिन्याखाली सगळ्यांच्या मीटरचे लाल दिवे लुकलुकत होते, माझ्याही. वहिनी एका तरुण जोडप्याला तेच दाखवत होत्या.

जोडप्याने नमस्कार केला. मीही केला, आणि दुधाला गेलो.