ये ना, ये ना, टक्!

सोमवार, ४ तारीख
सगळ्यात आधी आली ती जांभळ्या केसांची पोरगी. मागून टोपीवाला, सिनेमाला संगीत देतो म्हणे. घरात शिरला तरी टोपी काढेना. टक्कल असणार! जुन्या काळावर सिनेमा काढतायत, त्यात जुनी गाणी आणि जॅझ. जाऊबाईंना कमी ऐकू येतं, त्या म्हणाल्या, "जाच?" तसं बरोबरच. आमचे हे हॉटेलच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे आणि तालीम घरी!

पाहुण्यांना हवी आमची ती जुनी गाण्याची रेकॉर्ड. ट्रंपेट ह्यांचं, गळा जाऊबाईंचा. मधली एक ओळ माझी — पण ती कुणी ऐकलेलीच नाही. रेकॉर्ड घरी आली तीच चरा घेऊन, आणि चरा नेमका तिथे. 'ये ना, ये ना, ये ना' करत सुई अडकते. मग बोटाने ढकलायची, टक्! की थेट शेवटचं कडवं.

जाऊबाई लगेच पाहुण्यांना, "हिची कसली ओळ? ही पाणी द्यायला आली होती!"

जन्मभर हेच. हे होते तोवर म्हणायचे तरी, "गायली होती हो." आता कोण म्हणणार?

बुधवार, ६
आमचा ग्रामोफोन बंद पडलेला. टोपीवाला म्हणाला, "आजी, तुम्ही गुणगुणा." गुणगुणले, आमच्या घरात सगळे म्हणतात तसंच. ये ना, ये ना, ये ना, टक्!

तो उडालाच. "काय ठेका! अस्सल जॅझ!"

"अरे, ते माझं बोट आहे!" ऐकतो कुठे? रेकॉर्ड घेऊन गेले.

शुक्रवार, ८
जांभळीचा फोन. ड्रमवाल्याकडून 'टक्' वाजवून घेतला!! रेकॉर्डची खरखर आधी काढली, मग जुनं वाटेना म्हणून परत घातली. ह्याचा पगार मिळतो ह्या लोकांना.

जाऊबाई जेवताना एकदम, "रेकॉर्ड परत मागव. उगाच काय उकरायचं?"

उकरायला शेत आहे का!

रविवार, १०
आले. कॉम्प्युटरवर चरा पुसलाय म्हणे. लावलं. अडकलं नाही, टक् नाही — आणि मी! "बोट सुटली, रुमाल हलतो..." आवाज केवढासा, जरा बेसूरच. खाली ह्यांचं ट्रंपेट, हळू, मला सांभाळून घेणारं. ओळ संपली आणि मागून ह्यांचा आवाज — "वा!"

टोपीवाल्याने टोपी काढली. टक्कलच.

जाऊबाई उठून आत गेल्या.

मंगळवार, १२
जाऊबाईंचा अंबाडा घालत होते. आरशात न बघताच म्हणाल्या, "रेकॉर्ड आली तेव्हा चरा नव्हता गं. माझी पिन. अख्खं गाणं मी गायले, भाऊजींनी मला एकदा 'वा' म्हटलं नाही."

मी अंबाडा सोडला नाही. नीट घातला.

पाहुणे रविवारी परत येतो म्हणालेत, रेकॉर्ड घेऊन. दोघींना माइकपुढे बसवणार आहेत. तोवर घरातल्या सगळ्या पिना माझ्या डब्यात.