थपडेवरचा शोधनिबंध

३ मार्च, इर्बिद
मुलांना मारल्याने त्यांच्या वाढीवर काय परिणाम होतो, यावरच्या शोधनिबंधाचा शेवट लिहायला घेतला. ‘मारल्याने मूल ऐकतं, पण शिकत नाही.’ झकास वाक्य. विभागप्रमुख जळणार. तेवढ्यात आमचा कुसै भिंतीवर चेंडू आपटायला लागला. दोनदा सांगितलं. मग हात लागला. मारलं असं म्हणता येणार नाही. माझ्या व्याख्येत मार हेतुपूर्वक असतो.

४ मार्च
रुबा कुसैला घेऊन अजलूनला माहेरी गेली. हवापालट चांगलाच. आता लेखन जोरात.

५ मार्च
लेखन नाही. फलाफल खाल्लं. रुबाचा फोन. पोराचा कान अजून दुखतोय म्हणाली. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये, असं समजावलं. तिनं फोन आपटला. शास्त्राची आवडच नाही.

६ मार्च
काकांकडे गेलो. ते गावभरची भांडणं मिटवतात. “डॉक्टर झालास, अक्कल कुठे गहाण टाकलीस?” म्हणाले. पण वडीलधाऱ्यांना घेऊन माझ्या सासरी यायला तयार झाले. रीत सोपी आहे. सासरे कॉफी देतील, काका ती न पिता खाली ठेवतील, मागणं मान्य झालं की सगळे पितील. नाही कुणी म्हणतच नाही. शनिवारी निबंध पूर्ण.

७ मार्च, शुक्रवार
काकांनी कप खाली ठेवला. “सून आणि नातू परत द्या, मग पितो.”
सासरे म्हणाले, “माझी ना नाही. पण मार त्यानं खाल्लाय. त्यालाच विचारा, जावईबापू.”
असं कधी कुणी करत नाही! कुसैला बोलावलं. मी प्रेमानं पुढे झालो. त्यानं दोन्ही कान झाकले आणि घाईघाईनं आजोबांना म्हणाला, “या सगळ्यांना कॉफी प्यायला सांगा ना. येतो मी. लगेच येतो.”
मागणं मान्य झालं होतं, पण काकांनी कप उचलला नाही. कुणीच उचलला नाही. मी माझा उचलला आणि प्यालो. वडीलधाऱ्यांच्या आधी, एकटाच.

८ मार्च
दोघं घरी आलीत. मला आनंद व्हायला हवा होता, काहीच होत नाहीये. कुसैला बस म्हटलं, बसला. जेव म्हटलं, जेवला. मग खेळ म्हटलं. त्यानं विचारलं, “काय खेळू, बाबा?”
तो उभा राहिला, मी सांगेन म्हणून.