डाव्या आरशाचा मारेकरी

६ नोव्हेंबर २०२२, रविवार. घाटंजी

आमच्या गाडीचा डावा आरसा आज पुन्हा दिवंगत झाला. या वर्षातला तिसरा! उजवा बंधू ठणठणीत आहे, अंगावर साधा ओरखडा नाही. मग डाव्यावरच कोणाचा एवढा दात? विषय राष्ट्रीय महत्त्वाचा आहे, पण आमच्या वर्तमानपत्राने दखल घेतलेली नाही. घेणार कशी — तालुका वार्ताहर मीच, आणि स्वतःच्या आरशाची बातमी स्वतःच लावली तर लोक हसतील.

संशय पंजाबरावांवर आहे. शेजारी. त्यांची बुलेट आमच्या फाटकासमोर तिरपी उभी असते. शिवाय बाजाराच्या दिवशीची गर्दी, टोपल्या, हातगाड्या.

बायकोचं, म्हणजे दीपाचं, मत — "कोणाले पडली तुमच्या डब्ब्याची!"

डब्बा म्हणते! मी गाडीचं नाव मंदगामिनी ठेवलं आहे. एम. ए. संस्कृत करून एवढा तरी फायदा व्हावा.

९ नोव्हेंबर

निर्णय झाला. कॅमेरा बसवायचा. ज्ञानाची साधनं शास्त्राने सांगितली आहेत, त्यांत प्रत्यक्ष हे सगळ्यात वरचं. पंजाबरावांबद्दल आजवर नुसतं अनुमान होतं!

मैत्रेयीला नागपूरला फोन केला. पोरगी डिप्लोमा करते आहे, बापाला शिकवायची संधी सोडत नाही.

"बाबा, बॅटरीवाला घेऊ नका. आपल्याकडच्या उन्हात काचेमागं फुगते थे. कपॅसिटरवाला मागा. अन् मेमरी कार्ड स्वस्तातलं नको, दोन महिन्यांत मरते."

"रात्री नंबरप्लेट दिसते का?"

"जाहिरातीत दिसते."

माझीच मुलगी, शंका नाही.

१३ नोव्हेंबर, रविवार

यवतमाळला दुकानात गेलो. दीपा सोबत. दुकानदाराने काउंटरवर जत्रा मांडली — पुढचा कॅमेरा, मागचा कॅमेरा, दोन्हीकडचा कॅमेरा, हवा भरायचा हातभर पंप, मोबाइल धरून ठेवणारा चिमटा, हेल्मेटात गाणी ऐकवणारं यंत्र. मला सगळंच हवं होतं. दीपाने फक्त एकदा पाहिलं, मी पंप खाली ठेवला.

"सर, हा आवाजही टेप करते," दुकानदार म्हणाला.

"मंग नको," दीपा. "घरातलं भांडण पुरावा म्हणून जाईन."

घेतला तोच. समोरचा रस्ता आणि गाडीतला आवाज, दोन्ही टिपतो. कार्ड भरलं की जुनं पुसून त्यावर नवं. माणसाच्या स्मरणाचं याहून वेगळं काय असतं? शिवाय दुकानदाराने एक गोल, बटणाएवढा आरसा भेट दिला — डाव्या आरशावर चिकटवायला, म्हणजे आडबाजूचंही दिसतं म्हणे. चौथ्या आरशाला भालप्रदेशी टिळा!

१६ नोव्हेंबर

कॅमेऱ्याचा पहिला दिवस. पंजाबराव सावध झालेले दिसतात. बुलेट सरळ उभी.

२२ नोव्हेंबर

दीपाला रोज सकाळी तिच्या शाळेवर सोडतो. पहिलीचा वर्ग आहे तिच्याकडे, आणि त्याची बाधा झाली आहे. शेजारी बसली की रस्ताभर वस्तूंची नावं घेते. "पाहा, सायकलवाला." "थे बकऱ्या कोणाच्या?" "म्हैस मस्त हाय न!" वीस वर्षं ही बाई गाडीत बसली की मुकाट डुलकी काढायची. आता म्हशीचंही कौतुक! मी म्हटलं, "बाई, माझी हजेरी घेतली का?"

"तुमची मान पाह्यली. मामाजीसारखी सगळी वळवून पाह्यता आजकाल. घुबडावानी."

तिचे मामाजी म्हणजे माझे बाबा; त्यांच्यासारखा दिसतो म्हणाली, म्हणजे स्तुतीच समजलो.

२७ नोव्हेंबर, रविवार

कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकावर दिवसभर. दरवर्षीचा आमचा उद्योग — कापसाच्या गाड्यांना मागून रेडियमची लाल पट्टी चिकटवायची. दिवेलागणीला या गाड्या म्हणजे रस्त्यावर उभं राहिलेलं ढगाचं पोट. यंदा गाड्या कमीच. भाव वाढेल म्हणून लोकांनी कापूस घरातच ठेवला आहे. माणसं ओसरीत झोपतात, कापूस माजघरात, आणि खाज दोघांच्या मध्ये.

तांड्यावरचा लखीराम आला, त्याची बायको लालीबाई गाडीवर वर बसलेली. तिला साधी पट्टी नको होती.

"भाऊ, फूल काढून दे की. आमचे बैल नटलेले, गाडी काहून बोडकी?"

मी कात्री घेतली. कमळ काढायला गेलो. लखीरामने लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, आणि म्हणाला, "भाऊ, वांगं झक्कास झालं!"

देठासकट लाल वांगं. तेच चिकटवलं. लालीबाई हसून हसून कापसात आडवी झाली.

६ डिसेंबर

सकाळी विहारात. मग माझ्या बाबांच्या, डोमाजींच्या, फोटोसमोर थोडा वेळ. मला संस्कृत घ्यायला लावलं ते डोमाजींनीच. "आपल्याले जे शिकू देल्लं नाई, थेच शिक." शिकलो. बाबांनी माझं एकही पुस्तक वाचलं नाही, शेवटी शेवटी तर माणूसही आवाजावरून ओळखायचे. पण पुस्तकांवरून हात फिरवायचे.

संध्याकाळी दाराच्या चौकटीत डावा खांदा आपटला. चौकट पन्नास वर्षं तिथेच आहे. ऐकत नाही!

१८ डिसेंबर, रविवार

आज फार वाईट झालं असतं. झालं नाही, म्हणून लिहितो आहे.

यवतमाळहून परत येत होतो. दिवस नुकताच मावळलेला. दीपाची शाळेची कसलीशी पाहणी झाली आठवडाभर, दमली होती, बसल्या बसल्या झोपली. पुलाच्या अलीकडे एकदम कड्‌कन आवाज! काचेवर कापूसच कापूस. गाडी थांबवली. चौथा आरसा गेला. दीपाच्या बाजूची काच तडकली, फुटली नाही. तिला काही झालं नाही. मला काही झालं नाही. बैल सोडून बाजूला बांधलेले होते, म्हणून तेही वाचले.

गाडी लखीरामची. चाकाच्या आरीचा खिळा निघाला म्हणून कडेला उभी केलेली. लखीराम धावत आला आणि मी त्याच्यावर ओरडलो. मी! ज्याच्याकडे वर्षभर ताक पितो त्याच्यावर.

"अंधारात उभी करतोस? रेडियम काढून फेकलं का?"

"हाय न भाऊ! तुमचं वांगं हाय मागं!"

"मग मला दिसलं काहून नाही?"

तो सांडलेला कापूस गोळा करायला लागला. दीपाही. मी गाडीच्या मागे जाऊन पाहिलंसुद्धा नाही. रागावलेल्या माणसाला प्रत्यक्ष प्रमाण नकोच असतं. कापसावरचं ताडपत्रीचं पाल वरून लोंबत असेल, त्याखाली झाकलं असेल, असं मीच ठरवून टाकलं.

घरी येऊन बातमी लिहायला घेतली — 'कापसाच्या गाड्यांची बेपर्वाई'. कॅमेऱ्यातलं चित्रही सोबत जोडेन. होऊन जाऊ द्या!

१९ डिसेंबर

सकाळी दीपा पंजाबरावांच्या सुनेच्या स्कूटीवर शाळेत गेली. कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं.

पुलाच्या बऱ्याच अलीकडून, जिथून पूलही नीट दिसत नाही, तिथून वांगं दिसतं. लाल, तेजस्वी, देठासकट. पाल वर गुंडाळलेलं. वांगं मोठं होत जातं, आणि गाडी सरळ त्याच्याकडे जात राहते. ब्रेकचा आवाज नाही. मी गुणगुणतो आहे.

पुन्हा पाहिलं. मग आधीच्या दिवसांचं लावलं, जेवढं पुसलं गेलं नव्हतं तेवढं. रोज सकाळी घराच्या फाटकाचा डावा खांब कॅमेऱ्याला जवळजवळ चाटून जातो. पंजाबरावांची बुलेट मध्ये कुठेही येत नाही. बिचारे पंजाबराव.

आणि रस्ताभर दीपाचा आवाज. "पाहा, सायकलवाला" — आणि डावीकडे सायकलवाला येतो. "थे बकऱ्या" — डावीकडून बकऱ्या उतरतात. "म्हैस मस्त हाय न!" — म्हैस डावीकडे. उजवीकडूनही म्हशी गेल्या. त्यांतल्या एकीचंही तिने कौतुक केलेलं नाही.

मला वाटलं, बोलायला लागली आहे.

अठरा तारखेच्या चित्रात तिचा आवाज नाही. फक्त श्वास.

२० डिसेंबर

बातमी पाठवली नाही. तांड्यावर जाऊन लखीरामची माफी मागितली. पंजाबरावांकडेही गेलो, ते म्हणाले, कसली माफी? मग म्हटलं, चहा द्या. तिकडे तांड्यावर लालीबाईने वर विचारलं होतं, "आता कमळ काढून देतो का?" वांगंच राहू दे म्हटलं.

२३ डिसेंबर, शुक्रवार

यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. एसटीने. काचबिंदू. बाबांना होता तोच. गेलं ते परत येत नाही, उरलेलं थेंबांनी राखायचं.

गाडीची चावी दीपाच्या हातात दिली. "शिकाले किती दिवस लागतीन?" एवढंच म्हणाली, आणि चहाचा कप माझ्या उजवीकडे ठेवला.

थेंबांबद्दल, बाबांबद्दल, पुढे वाचता येईल की नाही याबद्दल लिहायला बसलो होतो. ते जमत नाही. मनात एकच गोष्ट आहे. आरसा जिथे फुटला, तिथून हातभर आत दीपा झोपली होती. गाडी मी चालवत होतो म्हणून झोपली होती.

मला त्या भरवशाची भीती वाटते.