तार हलते तिथपासून

टीचर, पूल उघडला. हे आधी सांगते, बाकीचं मागाहून. पेडण्यातल्या एका खाडीवरचा हा पायी जायचा पूल, मधे उंच खांब आणि त्या खांबावरून दोन्ही बाजूंना पुलाला धरून ठेवणाऱ्या पोलादी केबल्स. गेल्या पावसात वाहून आलेला एक पडाव, मोठी होडी, खांबाला आपटला आणि पूल बंद झाला. पलीकडच्या वाड्यावरच्या बायका मासळीच्या पाट्या घेऊन पुलावरून हरमलच्या बसला यायच्या, त्यांना हमरस्त्याने मोठा वळसा पडू लागला. तपासणीत सगळ्याच केबल्स प्रमाणाबाहेर ताणलेल्या निघाल्या. सगळ्या बदलायच्या असं ठरत आलं होतं, म्हणजे पूल काही वर्षं तरी गेलाच. त्याआधी एकदा खात्री करून घ्यावी म्हणून मला बोलावलं. केबलला छोटा सेन्सर बांधायचा, दोरीने ती जराशी ओढून सोडायची, आणि सेकंदाला किती वेळा हलते ते बघायचं. लांबी आणि वजन ठाऊक असलं की त्यावरून ताण काढता येतो. आता हाच माझा व्यवसाय आहे, पण शिकले ते तुमच्या स्वयंपाकघरात.

ते वर्ष आठवतं: मी बारावीला आहे. शाळेची प्रयोगशाळा गळते म्हणून बंद, परीक्षा तोंडावर. तुम्ही सोनोमीटरची लांब लाकडी पेटी रिक्षात घालून डिचोलीतल्या घरी आणलीत आणि जेवणाच्या मेजावर मांडलीत. पेटीवर ताणलेली एक तार, तिच्या टोकाला लोंबकळणारी वजनं, तारेखाली दोन लाकडी घोड्या. पाळी गावातून पहिल्या बसने मी उपाशी आलेय हे तुम्हाला न सांगता कळतं. आधी उंडो पाव आणि चवळीचं रस्सेदार तोणाक, मग तार. मी लांबी मोजून लिहिते. तुम्ही हातातल्या कालथ्यासकट वाकून बघता.

"ही लांबी कसली?"

"तारेची."

"ही पेटीची. तार हलते खंयसून? ह्या घोडीपासून त्या घोडीपर्यंत. जितकी हलते तितकीच मोज गो. उरलेली कोणाक जाय?"

उरलेली कोणाला हवी, हे ऐकून मला राग आला होता. तुम्ही तोणाक पुन्हा वाढलंत तेव्हा मी नको म्हटलं, आणि मग खाल्लं.

त्याच वर्षी खाणी बंद झाल्या. बाबांचा खनिजाचा ट्रक दारात उभा राहिला आणि ते कुडाळकडच्या आमच्या गावी परत जायचं बोलू लागले. तुम्ही एका दुपारी पाळीला आलात, चहा घेतलात, आणि बाबांना एवढंच म्हणालात की तुम्हाला जायचं तर खुशाल जा, ही माझ्याकडे राहील. बाबा गेले नाहीत. मी फोंड्याला इंजिनिअरिंगला गेले. शेवटच्या वर्षाला होते तेव्हा तुम्ही वारलात.

पुलावर पहिल्या दिवशी माझेही आकडे आधीच्या तपासणीसारखेच आले. ते मनाला पटेनात. पुलाचं वजन तेवढंच, मग सगळ्याच केबल्स एकदम जास्त कशा ताणल्या जातील? मी खाली बसले आणि सहकाऱ्याला केबल ओढून सोडायला सांगून तिच्यावर तळहात फिरवत गेले. पुलापाशी ती एका लोखंडी नळीत शिरते आणि नळीच्या तोंडाशी रबराचं जाड कडं तिला आवळून धरतं. त्या कड्याच्या खाली ती हलतच नव्हती. नकाशातली लांबी मात्र पार तळापर्यंतची. आम्ही सगळे पेटीची लांबी मोजत होतो, टीचर. मी एकटीच मोठ्याने हसले. कड्यापासूनची लांबी धरून हिशेब पुन्हा केला, तर सगळ्या केबल्स जागच्या जागी आल्या. एकच सैल निघाली, धक्क्याने तळाशी सरकलेली.

मुख्य अभियंत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, उद्या यातल्या एका केबलला जॅक लावून बघू, पण तिचा तुमचा आकडा आत्ताच सांगा. जॅकने केबलचं टोक ओढत न्यायचं. ओढ तिच्या ताणाइतकी झाली की तळाचा नट मोकळा होतो. मी सर्वांसमोर बावीस टन म्हणून सांगितलं, आधीच्या तपासणीहून बराच कमी. चुकले असते तर केबल्स बदलल्याच असत्या आणि मलाही परत कोणी बोलावलं नसतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवर माणसं जमली. जॅकवाला मोठ्याने आकडे सांगत होता. अठरा, वीस, एकवीस. बावीसच्या जरासं अलीकडे, पान्याने न हललेला नट त्याच्या नुसत्या हाताने फिरला.

"सुटला," तो म्हणाला.

अभियंत्यांनी स्वतः वाकून काटा पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ती एक सैल केबल तेवढी ओढून घ्या. बाकीच्यांना हात नको."

मागून एका मासळीवालीने विचारलं, "म्हणजे पूल उघडतलो गो?"

"उघडतलो," मी म्हटलं.

उघडला त्या सकाळी बायका पाट्या घेऊन निघाल्या तशी मीही त्यांच्याबरोबर चालत गेले. पलीकडे माझं काही काम नव्हतं. मधोमध पोचल्यावर पायाखाली पूल जरासा हलला. एकीने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि ती पुढे चालू लागली. असं काही मला आजवर मिळालं नव्हतं.

हे कुठे पाठवायचं नाही हे मला ठाऊक आहे. तुमच्या घरात आता दुसरी माणसं राहतात. पण एक कबूल करते, जे घरी कोणाला सांगितलेलं नाही. पेपरात फोटो आला, त्यात मी एका कडेला, अर्धी. पेडण्याच्या स्टँडवरच्या दुकानात उरलेले सगळे पेपर मी विकत घेतले. दुकानदाराने विचारलं, कोणाचं काय आलंय? मी म्हटलं, माझं.